कु वजा हाडे

उद्यमनगरात, लेथच्या आवाजाला लागून
आमची पहिल्या मजल्यावरची खोली.
खाली पिस्टनच्या पिना घासतात,
वर मी नावं घासते.

काम साधं सांगितलं होतं:
वडणग्याच्या दूध संस्थेचं सभासद रजिस्टर,
सत्त्याण्णव सालापासूनचं, जुन्या फॉन्टातलं,
युनिकोडात आणायचं. आठ दिवसांत. पैसे नंतर.

फाईल उघडली, तर गावच ओळखू येईना.
टोपी घातलेले ए, शेपटी फुटलेले सी,
मधेच पौंडाचा शिक्का;
जणू गुऱ्हाळाच्या चरकात कुणी
उसाऐवजी टाईपरायटर सारला.

त्यालाही उपाय असतो. तक्ता मांडला,
या चिन्हाचं हे अक्षर, त्या जोडीचा तो ज्ञ.
पहिली वेलांटी तेवढी हट्टी.
जुन्यात ती अक्षराच्या आधी चालायची,
नव्यात साठवायची मागे
आणि दिसायची मात्र पुढेच.
हाताला धरून नेली तिला ह च्या पाठीमागे,
प्रत्येक हिराबाईत, प्रत्येक शिवलिंगात.

मग बँकेच्या सर्व्हरचं दुखणं.
नावाला जागा तीस बाइटची.
त्यांच्या हिशेबात तीस अक्षरं,
आमच्या एकेका खुणेला तीन तीन बाइट,
काना सुद्धा फुकट बसत नाही.
दादासाहेब सत्तावीस, पुढची मोकळी जागा एक,
आडनावाच्या पहिल्या अक्षराचा
तिसरा पाय दारात चेमटला.
काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.
रकाना रुंद करायला बँकेनं
तीन सह्या मागितल्या.

एवढं सगळं करून
पहिल्याच दहावड्याचं बिल परत आलं.
नाव जुळत नाही.
मी मोठ्यानं वाचलं: हौसाक्का, कु, वजा, हाडे.
शेजारचा राजवर्धन हसला. मग हसायचा थांबला.

शोधत गेले सदर बाजारात.
यासीनभाई शिकलगार, तेव्हाचे ऑपरेटर,
आता नातवाची सायकल पुसत बसलेले.
म्हणाले, "त्या फॉन्टात तो र नव्हताच, बाळ.
किल्लीच नव्हती. मग आडवी रेघ दिली.
वाचणाऱ्याला कळत होतं की.
गुऱ्हाळ, बिऱ्हाड, सुऱ्या, सगळं रेघेवर भागवलं.
माणूस वाचत होता तवर काय अडलं नाही."

आता त्या र ला घर आहे,
टिंबाचा र, पायाखाली हलन्त.
पण रेघा सरसकट कशा बदलू?
वडणगे-निगवे रस्ता आहे, वीस-दोन-अठ्ठ्याण्णव आहे,
पेंडीची कपात आहे, आणि ती खरीच वजा आहे.
मशीनला सगळ्या सारख्या.

दोन संध्याकाळी ते खोलीवर आले.
चष्मा कपाळावर, स्क्रीनला नाक लावून.
मी ओळ दाखवायची, ते सांगायचे:
र. र. वजा. तारीख आहे ती, सोड. र.
"ही हौसाक्का. दोन म्हशी. फॅट साडेसात.
पावतीवर नाव बघून म्हणायची,
माझ्या नावात ही काडी कुणी मोडून ठेवली?"
आणि पुढची ओळ.

साडेनऊला लेथ थांबली.
राहिलं एकच, खातं चारशे अकरा.
नावाच्या रकान्यात नुसती रेघ,
मागंपुढं काही नाही.
शेजारी रोजचं दूध, दोन लिटर, सव्वादोन, दोन,
सात वर्षं, एक दिवस खाडा नाही.

"ही काय?" मी विचारलं.
यासीनभाईंनी चष्मा खाली घेतला,
वर केला, पुन्हा खाली घेतला.
"बोटं माझीच," म्हणाले.
"कुणी घालत होतं, ते आठवत नाही."

संस्थेत फोन केला, सेक्रेटरी नवा.
तक्त्यात बसेना, र म्हणवेना,
वजा तर मुळीच म्हणवेना.
तशीच उचलून नव्या फाईलीत ठेवली.

तिला एकच बाइट लागला.